चूलबंद

रूपाचं लग्न लॉनवर होणार, हे तिच्या बापाने मला पाठमोरं उभं राहून सांगितलं. आम्ही दोघं कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटत होतो. लोखंडी चिमट्यात खोड धरायचं, दांड्यावर अंग टाकायचं आणि हिसका द्यायचा, की मूळ सुटतं. पण वैशाखातली जमीन, मूळ कसलं सुटतंय! मजूर मिळेनात म्हणून शेवटचं वावर आम्हीच काढत होतो. दोन-चार खोडं निघाली, मग मानेचा घाम पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंडितनानाना फोन उना व्हता. लगीन अमळनेरले लॉनवर लावू म्हने. ऊन देखस ना कितलं शे. त्यासनी तशी मर्जी शे."

"आनि मांडो?" मी मांडवाचं विचारलं.

"तठे बठ्ठं तयार ऱ्हास. आपले काही करनं पडत नई."

घरात सगळे यांना आबा म्हणतात. कौतिक हे नाव मी घ्यायचं ते उखाण्यात, एरवी मीही आबाच म्हणते. तर आबा म्हणाले, तिथे सगळं तयार, आपल्याला काही करावं लागत नाही. अहो, लेकीच्या लग्नात काहीच करायचं नसेल, तर आपण तिचे आईबाप कशाला? फाल्गुनात सुपारी फुटली तेव्हापासून मी राबत होते. कुरडया घातल्या, शेवया वळल्या, बट्टीसाठी गव्हात मका घालून जाडसर दळण काढलं. ते कोणासाठी, लॉनच्या आचाऱ्यासाठी? माझ्या जिभेवर बरंच आलं होतं. पण पंडितनाना व्याही, मुलाकडच्यांची मर्जी म्हटल्यावर गिळलं आणि पुढचं खोड चिमट्यात धरलं. त्या खोडावर राग काढला म्हणा ना.

घरी रूपा खाटेवरच्या कुरडया उलटत होती. तिला सांगितलं, तर होणाऱ्या नवऱ्याचं नाव घेऊन म्हणाली, "तेजस तर माले काही बोलना नई."

"पोरंसले काय समजस?" आबा खेकसले. "मोठासनं मोठा बोलतस."

पोरगी पुन्हा कुरडया उलटायला लागली. अमळनेरच्या कॉलेजात शिकली, पण बापाचा आवाज चढला की अजून खाली मान घालते. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आबा खरं बोलतात तेव्हा हळू बोलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघं लॉन बघायला निघालो. निघताना जीवरामनानांच्या ओट्यावरून जावं लागतं. नाना म्हणजे माझे जेठ, आबांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांच्या आणि आमच्या अंगणात एक भिंत. नाना ओट्यावर बसून दोर वळत होते. आबांनी मान वळवली, नानांनी दोरावरची नजर काढली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते या दोघांवरूनच कोणी म्हटलं असेल.

भांडण शेताचं नाही, बांधाचंही नाही. भांडण वांग्याच्या भाजीचं. हसू नका, खरंच सांगते.

आमच्याकडे लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक म्हटलं, की घरातला एक जण येऊन जेवून जातो. चूलबंद म्हटलं, की म्हातारीपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळं घर येतं, घरी आलेला पाहुणासुद्धा. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. नानांच्या डिंपलच्या लग्नात आवतन द्यायचं काम आबांकडे होतं. नानांनी बजावलं होतं, खालच्या आळीला घरटी एक सांग. पण आबांचा हात सढळ आणि जीभ त्याहून सढळ. "दारमा म्हतारी बशेल व्हती. तिले कसं सांगू, तू नको येऊ?" असं म्हणत सगळ्या आळीला चूलबंद सांगून आले. आणि डिंपलच्या सासरचे पंगतीला बसले, तेव्हा भाजी संपली. वरण होतं, बट्ट्या होत्या, पण भाजीच्या कढईत पळी नुसती खडखडली.

नाना भर मांडवात, सोयऱ्यांच्या देखत म्हणाले, "गाव जेवाडानी हौस व्हती, ते सोतानी आंडेरना लगीनमा जेवाडजो!"

आंडेर म्हणजे लेक. आबांनी हातातली पळी खाली ठेवली आणि मांडवातून उपाशी उठून घरी आले. भावाच्या लेकीच्या मांडवातून उपाशी उठणं म्हणजे काय, ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आम्ही जावा मात्र बोलतो. आम्हीही तोंडं फिरवली, तर भिंतीवरून ताक कोण कोणाला देणार?

असो. अमळनेरच्या स्टँडवर उतरलो तेव्हाच डांबर चपलेला चिकटत होतं. लॉन गावाबाहेर. कमानीला प्लॅस्टिकची फुलं, खाली हिरवं खोटं गवत, आणि ते गवतसुद्धा असं तापलेलं की पाय टेकवेना. मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड. त्याने स्टेज दाखवलं, पाण्याचे फवारे मारणारे पंखे दाखवले, नवरीची खोली दाखवली. "ताटांचा आकडा तेवढा आधी सांगून ठेवा, काका. ऐनवेळी वाढवता येत नाही," म्हणाला.

आबा सगळ्याला मान हलवत होते. मी विचारलं, "मेढ कोठे लावतस?" मेढ म्हणजे मांडवाचा खांब, तो जमिनीत पुरायचा, आणि इथे खाली सगळीकडे सिमेंट होतं.

"मावशी, त्याचीपण सोय आहे," म्हणत तो आत गेला आणि एक बादली घेऊन आला. रंगाची रिकामी बादली, वाळूने भरलेली, बाहेरून लाल कापड गुंडाळलेलं. तिच्यात एक बांबू उभा, बांबूला प्लॅस्टिकची आंब्याची पानं. "कुठेही उचलून ठेवता येते. फोटोत जिथे पाहिजे तिथे."

व माय! मी तोंडाला पदर लावला. रूपाने एका पानाला हात लावला आणि बोटाची धूळ ओढणीला पुसली.

आबांनी विचारलं, "ही मेढ कोन लावस?"

"आमचा माणूस लावतो, काका. तुम्हाला कोणालाच बोलवावं लागत नाही."

हे ऐकलं आणि आबांचा चेहरा असा सुटला, जणू डोक्यावरचा भारा कोणी उतरवून घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या भाऊबंदकीत मांडवाच्या पहिल्या मेढीचा खड्डा मुलीचा काका खंदतो. बाप कुदळीला हात लावत नाही. दारात मांडव घातला, की सगळं गाव जमणार, कुदळ पडलेली असणार आणि सगळे भिंतीपलीकडे बघणार, सख्खा काका येतो का म्हणून. लॉनवर तो खड्डाच नाही. खड्डा नाही तर काका आला नाही, हे कोणाला दिसणार?

 परक्याच्या पुढे नवऱ्याची लाज काढणारी मी नाही. घरी गेल्यावर काढते.

पण घरी रूपाच आधी बोलली. पाण्याचा तांब्या बापाच्या हातात देताना म्हणाली, "आबा, तुम्ही सांगशात तठे मी उभी ऱ्हासू. लॉनवर बी, उन्हामा बी. पन माले ती बादली नको." आणि आत जाऊन तिने दार लोटून घेतलं. आबा तांब्या हातात धरून तसेच बसले. पाणी काही प्यायले नाहीत.

त्यानंतर एका सकाळी आबा वावरात गेलेले आणि त्यांचा फोन घरीच चार्जिंगला लावलेला. तो वाजला. पाचोऱ्याहून व्याही, पंडितनाना.

"विहीणबाई, नमस्कार. कौतिकभाऊंना सांगा, लॉनवाल्याला काय ते कळवून टाकू. आमची ना नाही." मग जरा थांबले. "पण खरं सांगू का? तेजसच्या आजीला लई वाटत होतं, मुलीच्या दारात मांडवाखाली बसून वरण-बट्टी खावी. आम्हीपण शेतकरीच, उन्हाचं आम्हाला काय? पण भाऊ म्हणाले, घरी अडचण आहे, लॉनच बरं. अडचण असली तर राहू द्या."

माझ्या कानशिलात कोणी मारावी तसं झालं. ज्यांची मर्जी म्हणून मी तोंडात मूग धरून बसले होते, त्यांची मर्जी नव्हतीच! मी म्हणाले, "अडचण काहीच नाही, नाना. आजीबाईंना सांगा, वरण-बट्टी दारातच." फोन ठेवला, भाकरी फडक्यात बांधली आणि तरातरा वावरात गेले. वाटेत धुळीने पाय भाजत होते, पण मला आतूनच इतकं तापलं होतं की बाहेरचं जाणवेना.

आबा चिमट्याच्या दांड्यावर ओणवे झालेले. हाताला फोड आले होते, ते फुटून दांडा ओला झालेला. मी भाकरी बांधावर ठेवली.

"पंडितनानाना फोन उना व्हता."

त्यांचा हात थांबला.

"मर्जी त्यासनी नव्हती, तुम्हनी व्हती. तुम्हले उन्हाना धाक नई, आबा. तुम्हले नानाना धाक शे."

मला वाटलं, आता चिमटा फेकतील, ओरडतील. पण ते ढेकळावर खाली बसले. इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "मी त्याना मांडोमातून उपाशी उठनू, मंजुळा. आते तो मना मांडोमा कसा येई? नई उना ते? गाव देखी ते देखो. रूपा देखी ना."

माझा राग होता तो होताच, पण त्याचं टोक मोडलं. ज्या माणसाने अख्ख्या आळीला चूलबंद सांगितलं, त्याला एका घरी जाऊन आवतन द्यायची हिंमत होत नव्हती. मी त्यांच्या हाताला पदराची चिंधी बांधली. "बलावाशिवाय देव बी येत नई," म्हणाले. "भाकर खा, मग चला मनासंगे."

दुपार कलल्यावर गेलो. मी हातात हळदीचे तांदूळ घेतले होते. नाना ओट्यावर दोरच वळत होते. बसा म्हणाले नाहीत. कुंदाअक्का, माझी जाव, दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

आबा म्हणाले, "नाना, रूपानं लगीन दारमाच शे. आवतन देवाले उनू."

नानांनी दोराला आणखी दोन पीळ दिले. मग वर न बघता विचारलं, "कसं आवतन शे? घरटी एक, का चूलबंद?"

अग आई गं! साधा प्रश्न, कोणीही आवतन आल्यावर विचारतो तोच. पण त्या एका शब्दावरून सगळं झालेलं.

"चूलबंद," आबा म्हणाले.

"परत चूलबंद?"

 मी ओट्यावर तांदूळ ठेवले. कुंदाअक्का पाणी घेऊन बाहेर आली. नानांनी तिच्याकडे एकदा बघितलं, पण ती थांबली नाही. आबांनी तांब्या तोंडाला लावला आणि अर्धं पाणी छातीवर सांडलं. नाना म्हणाले, "देखसू मी," आणि दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं. म्हणजे आता तुम्ही जा. आम्ही आलो. त्या रात्री आबा जेवले नाहीत, आणि मीही आग्रह केला नाही.

मांडवाच्या दिवशी सकाळीच भाऊबंद ट्रॅक्टरवर जांभळा-उंबराचे डहाळे घेऊन आले. बायकांनी ट्रॅक्टरच्या चाकावर पाणी घातलं, गाणी म्हटली. चुलाण्यावर वरण चढलं. दारासमोर जागा सारवून मी हळद-कुंकू वाहिलं, कुदळ आणून ठेवली. अंगाला पिवळी साडी गुंडाळून रूपा उंबऱ्यात उभी राहिली. आणि मग सगळे थांबले.

ऊन पायाजवळ आलं. डहाळ्यांची पानं कोमेजायला लागली. माणसं टोप्यांनी वारा घेत होती, बायकांची गाणी संपली होती आणि नवीन कोणी धरत नव्हतं. शेवटी चिंधाआप्पा, आमच्या भाऊबंदकीतले सगळ्यात वडीलधारे, खाकरले. "कौतिक, ऊन चढी राहिनं रे भो. मेढ कव्हय लावशी?"

आबा काही बोलणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून धूर वर आला. चांगला काळा, दाट. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. चूलबंदाच्या दिवशी नानांच्या घरातून धूर!

"चूल पेटनी वाटस," कोणीतरी मागून पुटपुटलं. नको तेव्हा बोलणारं तोंड प्रत्येक गावात एक असतंच.

आबांनी कुदळ उचलली.

"आबा, थांबा ना," रूपा उंबऱ्यातून म्हणाली. पण त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. त्यांनी माझ्या हळदी-कुंकवावरच पहिला घाव घातला. हाताची चिंधी सुटून लोंबत होती. एक घाव, दुसरा घाव. बाप स्वतःच्या लेकीच्या मेढीचा खड्डा खंदत होता आणि सगळं गाव बघत होतं. मला असं झालं, की मीच त्या खड्ड्यात उतरावं. या माणसाला घरातून ओढून चव्हाट्यावर मीच आणलं होतं. खंदत होते तेही कसं, वेड्यासारखं. खड्डा खोल जाईना, नुसता रुंद होत गेला.

आणि भिंतीच्या फाटकाची कडी वाजली.

नाना आले. खांद्यावर बाभळीची सरळसोट मेढ, सोललेली. तिचं बूड हातभर जळून काळं झालेलं, त्यातून अजून धूर निघत होता. मागे कुंदाअक्का, डोळे धुराने लाल.

जमिनीत कायमचा पुरायचा खांब असला, की त्याचं बूड जाळतात, म्हणजे वाळवी लागत नाही. कुंपणाचे खांब आम्ही तसेच करतो. पण मांडव दोन दिवसांचा! दोन दिवसांच्या मेढीचं बूड कोणी जाळत नाही. मी तरी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

नानांनी मेढ खाली टेकवली. खड्ड्याकडे बघितलं. "हाऊ कोनी खंदा?"

"मी," आबा म्हणाले.

"दम नई निंघना तुले?" नानांचा आवाज फाटला. "बाप खंदस का कधी? मी काय मरी गयथू?"

आबा कुदळ धरून उभे. कपाळाचा घाम डोळ्यांत जात होता, की डोळ्यांतलंच काही होतं, कोण जाणे.

"आनि इतला मोठा खड्डा. याम्हा मेढ डुगडुग करी." नानांनी पायाने माती लोटून तो खड्डा बुजवला, वर दोनदा पाय आपटला. मग आबांच्या हातातून कुदळ घेतली आणि हातभर बाजूला नवा खड्डा खंदला. अरुंद आणि खोल. वयामुळे धाप लागली, पण कोणाला हात लावू दिला नाही. मेढ आत उभी केली आणि आबांकडे न बघता म्हणाले, "माती लोट."

आबा गुडघ्यांवर बसले आणि फुटलेल्या हातांनी माती लोटू लागले. मागे बायकांपैकी कोणीतरी गाणं धरलं. रूपा खाली बसून रडायला लागली. मी तिला रागावले नाही.

पंगतीला आणखी एक मोठं पातेलं लागत होतं म्हणून मी अक्काच्या घरी गेले. स्वयंपाकघरात चूल गार, आणि चुलीतल्या राखेत मांजर झोपलेलं. मागच्या अंगणात गोवऱ्यांचा ढीग धुमसत होता.  मी पातेलं उचलून आले.

पंगतीत आबा स्वतः वांग्याची भाजी वाढत होते. नानांच्या पानाशी आले आणि पळी हातात थांबली. नाना पानाकडे बघत म्हणाले, "पुरी जाई का बठ्ठासले?"

"पुरी जाई," आबा म्हणाले.

मग नाना जेवले. आणि भाजी पुरली, उरलीसुद्धा. मी वांगी दुपटीने आणवली होती. मी काय आबांच्या भरवशावर बसते?

लग्न दारात लागलं. आजीबाईंनी वरण-बट्टी खाल्ली आणि रूपा पाचोऱ्याला गेली. मांडव उतरवला, डहाळे गुरांनी खाल्ले. मेढ मात्र आबा काढेनात. म्हणतात, राहू दे, म्हशीला बांधायला होईल. पावसाळ्यात तो बुजवलेला खड्डा खचला, तिथे डबकं झालं. आबा तिथे टोपलंभर माती टाकतात, ती पुन्हा खचते. दोघं भाऊ गुण्यागोविंदाने बोलायला लागले, असंही काही नाही. नाना रोज सकाळी फाटकातून येतात, मेढ एकदा हाताने हलवून बघतात आणि निघून जातात. आबा दाराच्या आत उभं राहून बघतात. ना राम, ना राम. दोघंही एकाच मातीचे.

परवा नाना आले नाहीत. आबा दोनदा बाहेर येऊन फाटकाकडे बघून गेले. चहा गार झाला. मग तसेच अनवाणी चिखल तुडवत पलीकडे गेले, आणि भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, मोठा. खोटं बोलताना निघतो तोच. "नाना! मेढ हाली राहिनी वाटस. जरा देखी जा बरं."

मी हातातलं काम टाकून उठले, अंगणात गेले आणि दोन्ही हातांनी मेढ हलवून पाहिली. तसूभर हलत नव्हती.